जुन्या द्राक्षवेली जपताना या चुका टाळा

बेळगावकडच्या अथणी, चिक्कोडी भागात बाग म्हटली की थॉमसन, सोनाका, माणिक चमन या खाण्याच्या आणि बेदाण्याच्या बिनबियांच्या जाती. वाईनसाठी जात शोधायची तर विहिरीकडेला, वाड्यामागे उरलेल्या बियांच्या द्राक्षांकडेच बघावं लागतं. अशी प्रत्येक वेल वाचायला हवी. पण घाईत भलतीच वेल जपली जाते आणि खरी हातची जाते.

सगळ्यात महागात पडते ती खुंटाची, म्हणजे ज्या मुळाच्या वेलीवर कलम बांधतात तिची चूक. कलमी वेलीचा वरचा भाग वाळला की खालून डॉगरिजचे (खुंटाची एक जात) फुटवे जोमानं येतात. वेल हिरवीगार दिसते आणि लोक त्याच काड्या नेतात. आधी बुंध्याजवळची माती बाजूला करून कलमाचा सांधा शोधा, तिथे गाठ असते. फुटवा गाठीखालून आला असेल तर तो खुंटच. वर एखादा ओलांडा (आडवी फांदी) जिवंत असेल तर काडी तिथूनच घ्या.

जुनी म्हणजे देशी, हेही खरं नाही. मणी चिमटीत दाबताच साल गरापासून सुटते, वास उग्र येतो, पानामागे पांढुरकी लव आहे? मग ती बहुधा बंगळूर ब्ल्यूच्या गोतातली, मूळ अमेरिकेची. म्हणून ती उपटू मात्र नका. वाईनसाठीची अर्का श्याम ही जात बंगळूर ब्ल्यूच्याच संकरातून आली. खानापूरकडच्या जंगलातली रानद्राक्षं मात्र वेगळ्या वंशाची. त्यांची गुणसूत्रं ४०, आपल्या द्राक्षाची ३८, त्यामुळे संकर सहज जमत नाही. ती जंगलातच राहू द्या.

काडी निवडताना पानं बघा. काळ्या जातीत पानांच्या कडा खाली वळून पान लाल झालं आणि शिरा हिरव्याच राहिल्या, तर लीफरोल विषाणूची शंका घ्या. पांढऱ्या जातीत हे नीट कळत नाही, प्रयोगशाळेत तपासणीच लागते. हा रोग काडीबरोबर जातो, पिठ्या ढेकूणही पसरवतो आणि फवारणीनं बरा होत नाही.

नुसत्या ब्रिक्सवर (रसातल्या गोडीचं माप) वाईनची जात ठरवू नका. आम्लता आणि पीएचही मोजा, तेही दोन-तीन हंगाम. एका वर्षाच्या पावसावरून जात बाद करणं अन्यायाचं आहे.

आणि एकच वेल एकाच बांधावर ठेवू नका. रोपं निदान दोन गावांत लावा, मूळ वेल कुठली आणि काडी कधी घेतली ते वहीत लिहा. ओळख पटत नसेल तर पान, घड आणि बी यांचे फोटो घेऊन अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय किंवा पुण्याजवळ मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र गाठा. घड वेलीवर असतानाच जा, घड उतरवल्यावरच्या खरड छाटणीनंतर दाखवायला काही उरत नाही.