'आविष्कार'साठी इतिहासाचं पोस्टर कसं कराल?

विद्यापीठाचं सुवर्णपदक गुणपत्रिकेवर मिळतं. स्वतः शोधलेल्या गोष्टीवर बक्षीस हवं असेल, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने राज्यातल्या विद्यापीठांच्या 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत उतरावं. २००६ पासून ती चालू आहे. आपला गट 'मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला'. पदवी आणि पदव्युत्तर स्तर वेगळे असतात, त्यामुळे बी.ए.च्या मुलांनी एम.ए.वाल्यांची धास्ती घेऊ नये. सत्र सुरू होताच कॉलेजातल्या समन्वयकांना गाठा.

बहुतेक जण आधी विषय ठरवतात आणि मग पुरावे शोधत फिरतात. उलट करा. आधी कागद, मग विषय. 'मराठेकालीन पाणीव्यवस्था' पोस्टरवर मावत नाही. 'आमच्या गावच्या बारवेच्या दुरुस्तीला पैसा कुणी दिला' हे मावतं. पुण्यात असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुराभिलेखागार हाताशी आहेत. मोडी येत नाही? गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड देवनागरीत छापलेले आहेत, तिथून सुरुवात करा. गावात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) किंवा शिलालेख असेल तर फारच उत्तम.

आता तारीख. इथे भलेभले घसरतात. समजा पत्रावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं आहे. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन (मराठेकालीन कागदांतली एक कालगणना) ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ६०० मिळवलेत की १७६० च्या पावसाळ्यातलं पत्र पानिपतानंतरचं ठरतं आणि सगळा युक्तिवाद कोसळतो!

पोस्टरच्या मधोमध कागदाचा फोटो लावा (परवानगी आधी काढा), शेजारी लिप्यंतर, खाली आजच्या मराठीत अर्थ. प्रश्न वर, निष्कर्ष शेवटी, दोन्ही एकेका वाक्यात. महाराजांचं चित्र आणि भगवी किनार लावायचा मोह होतो, पण तेवढ्या जागेत नकाशा बसतो.

परीक्षक इतिहासाचेच असतील असं नाही. घरातल्या कुणाला तरी समोर बसवून तीन मिनिटांत सगळं सांगून पाहा. जिथे ते 'म्हणजे काय?' विचारतील तिथली वाक्यं बदला. एक प्रश्न मात्र हमखास येतो: हा कागद खरा कशावरून? तो कुणी, कुणाला, कधी लिहिला, आज कोणत्या रुमालात (दफ्तरातल्या कापडी गठ्ठ्यात) आहे आणि त्यातली गोष्ट दुसऱ्या कुठल्या कागदात येते, हे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.