लॅबच्या (लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या) पिल्लांचा रंग: भांडायच्या आधी या चुका टाळा

मेल काळा, फिमेल काळी, अन् लिटरमधे (एका वेळच्या पिल्लांत) तीन पिल्लं पिवळी. मग मेलवाला म्हणतो तुमची फिमेल कुठंतरी बाहेर गेली असंल, फिमेलवाला म्हणतो तुमचा मेलच क्रॉस आहे, मेटिंगचे पैसे वापस करा. नांदेड, लातूर, परभणी, कुठंही जा, लॅब पाळणाऱ्यांत हे भांडण ठरलेलं. अन् बऱ्याचदा कुणीच कुणाला फसवलेलं नसतं.

वरचा रंग बघितला की आतलं सगळं कळलं, असं समजणं ही पहिली अन् सगळ्यात मोठी चूक. लॅबच्या रंगाचं मेन काम दोन जीन करतात. एक बी, तो ठरवतो गडद रंग काळा का चॉकलेट. दुसरा ई, तो ठरवतो की तो गडद रंग केसांत उतरणार का नाही. प्रत्येकाच्या दोन कॉप्या असतात, एक आईकडून, एक बापाकडून. कॉपी मोठी (B, E, जिचा जोर चालतो) किंवा छोटी (b, e, जी दबून राहते) असते. मोठा बी एक जरी आला तरी काळा, चॉकलेट व्हायला दोन्ही छोटे लागतात. अन् ई चे दोन्ही छोटे आले की मग बी काय पण असो, केस पिवळेच. म्हणून काळा कुत्रा सगळ्यात जास्त लपवतो, त्याच्यात चॉकलेट असू शकतो, पिवळा असू शकतो, दोन्ही असू शकतात. आईबाप दोघं काळे अन् दोघांतही दोन्ही लपलेले असले तर 16 मागं 9 काळी, 3 चॉकलेट अन् 4 पिवळी असा हिशोब बसतो.

पण हा हिशोब लोक असा लावायलेत की आठ पिल्लं झाली म्हणजे दोन पिवळी निघायलाच पाहिजे. तसं नसतं भाऊ. प्रत्येक पिल्लाची चिठ्ठी वेगळी निघते, आधीच्या पिल्लाचं पुढच्याला काही देणंघेणं नाही. चारात एक असा चान्स असताना आठच्या आठ पिल्लांत एकही पिवळं न येणं शंभरात दहा वेळा होऊ शकतं. त्यामुळं फिमेल गाभण असतानाच "फॉन (पिवळं) पिल्लू फिक्स" म्हणून ॲडव्हान्स घेऊ नका अन् देऊ पण नका.

आता सगळ्यात जास्त डोकं चक्रावणारी केस. पिवळ्याला चॉकलेट लावली अन् सगळी पिल्लं काळी! मालक कपाळाला हात लावतो की काळा आला कुठून, घरात काळं कुत्रं नाही. यात गडबड काहीच नाही. पिवळ्याकडं दोन मोठे बी होते पण ई छोटे असल्यामुळं दिसत नव्हते, चॉकलेटकडं दोन मोठे ई होते, पिल्लात दोघं एकत्र आले की काळा तयार. उलट दोघं नेमकं काय लपवून बसलेत त्यावर त्याच जोडीच्या रंगातून तिन्ही रंग पण येऊ शकतात.

मग शंका कधी घ्यायची? आईबाप दोघं पिवळे अन् पिल्लू काळं किंवा चॉकलेट निघालं तर. किंवा दोघं चॉकलेट अन् पिल्लू काळं निघालं तर. तेव्हा विचारा की फिमेल माजावर असताना मोकळी सुटली होती का, कारण एका माजात दोन मेल लागले तर एकाच लिटरमधे दोन बापाची पिल्लं येऊ शकतात. मेटिंग झालं म्हणजे काम झालं असं समजून लोक दुसऱ्याच दिवशी गेट उघडं ठेवतात, पुढचे कितीतरी दिवस ती मेल घेते, अन् गल्लीतला मोती तर वाटच बघत असतो.

"रंग बापावर जातो" हे पण डोक्यातून काढून टाका. हे जीन नर-मादीवर अवलंबून नाहीत, आई अर्धं देते, बाप अर्धं.

नाकाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण फोटोवर सौदे व्हायलेत. पिवळ्या लॅबची पिल्लं जन्मतात तेव्हा जवळजवळ पांढरी असतात अन् नाक गुलाबी दिसतं, काळेपणा हळूहळू भरतो. दोन दिवसाच्या पिल्लाचा व्हॉट्सॲप फोटो बघून "नाक खराब आहे" म्हणू नका. मोठ्या पिवळ्या कुत्र्याचं नाक फिकं पडलं तर डोळ्याची कड अन् ओठ बघा. ते काळे असतील तर आतला रंग काळाच आहे. कड पण तपकिरी असंल तर तो आतून चॉकलेट आहे, त्याला डडली म्हणतात, पाळायला काही अडचण नाही, शोमधे मात्र अडतो. आपल्याकडच्या उन्हात काळ्या लॅबचे केस मे महिन्यापर्यंत तांबूस पडतात, त्याला चॉकलेट समजायचं नाही, चॉकलेटचं नाक कधीच काळं नसतं.

सिल्व्हर, चारकोल असं "रेअर" म्हणून डबल पैसे घेणारे आहेत. सिल्व्हर म्हणजे फिकं पडलेलं चॉकलेट, चारकोल म्हणजे फिकं पडलेलं काळं, त्यासाठी डी नावाच्या तिसऱ्या जीनच्या दोन्ही कॉप्या छोट्या लागतात. अशा कुत्र्यांत पुढं केस गळायचा, कातडीचा त्रास निघू शकतो. लॅबचे मान्य रंग तीनच: काळा, पिवळा, चॉकलेट. फॉक्स रेड पण पिवळ्याचीच गडद छटा आहे, अन् क्रीम फिकी. आपल्या देवणी गायीत वानेरा, बालंक्या, शेवरा हे तिन्ही देवणीच असतात ना, इथं पण तसंच, कोणता एक रंग जास्त प्युअर असं काही नाही.

फक्त चॉकलेटच्या मागं लागून चॉकलेटला चॉकलेटच लावत राहणं मला पटत नाही. ब्रिटनमधल्या लॅबवर 2018 मधे आलेल्या अभ्यासात चॉकलेटचं मधलं आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री त्याआधी गेली, निम्मी त्यानंतर) 10.7 वर्षं अन् बाकी रंगांचं 12.1 निघालं, कानाचा अन् कातडीचा त्रास पण चॉकलेटमधे जास्त.

खरंच रंग बघून जोडी लावायची असंल तर दोघांची बी अन् ई ची डीएनए टेस्ट करा, गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतात, रक्त काढायची गरज नाही. अन् मेलवाल्यासोबत वाद आधीच पेटला असंल तर रंगाची नाही, बाप कोण ती टेस्ट मागा.