दोन टाक्या, एक पंप आणि भिजलेले बूट

पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन शिकताना तिसऱ्या वर्षी जोडटाक्यांचं प्रॅक्टिकल आलं. पंप पहिल्या टाकीत पाणी टाकतो, ते मधल्या व्हॉल्व्हमधून दुसरीत जातं, तिथून खालच्या हौदात परत. दुसरीची पातळी २० सेंटीमीटरवर ठेवायची, बस्स. पीआयडी, म्हणजे हवी ती पातळी आणि खरी पातळी यांतला फरक बघून पंप कमी-जास्त करणारा कंट्रोलर, तोंडपाठ होता. झिग्लर-निकोल्सच्या १९४२च्या सूत्रांनी त्याचे आकडे काढून भरले, आणि थोड्याच वेळात पहिली टाकी उतू जाऊन माझे बूट भिजले.

झालं असं, की पंप कधीच शंभर टक्क्यांवर पोचला होता, पण दुसरी टाकी अजून भरलेली नव्हती. तेवढा वेळ पीआयडीतला इंटिग्रल हा भाग त्या फरकाची बेरीज करतच राहिला. पातळी २०वर आली तरी ती साठलेली बेरीज उतरेपर्यंत पंप थांबेना. याला वाइंडअप म्हणतात. पंप टोकाला गेला की बेरीज थांबवायची, एवढाच त्यावरचा साधा उपाय. पुस्तकात तो होता, मी ते पान उलटून पुढे गेलो होतो.

लॅबमधले काका फरशी पुसता पुसता म्हणाले, "अरे, आधी हाताने चालवून बघ की."

मग ऑटो बंद केलं. पंप ४० टक्क्यांवर ठेवून पातळी स्थिरावेपर्यंत बसून राहिलो, मग ५०वर. तुम्हीही हेच करा, कंटाळा आला तरी. तेव्हा कळतं की दुसरी टाकी भरत गेली की पहिलीतून येणारा प्रवाहही मंदावतो, कारण तो दोन्ही पातळ्यांमधल्या फरकावर ठरतो. शिवाय टाकीतून बाहेर पडणारं पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. म्हणून १० सेंटीमीटरवरून २०वर जायला प्रवाह दुप्पट नाही, साधारण १.४१ पट पुरतो. १०वर जुळवलेला कंट्रोलर २०वर वेगळा वागतो तो यामुळेच. आणि हो, पाणी वरून धबाधबा पडत असेल तर डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे पातळी किती वेगाने बदलते ते बघणाऱ्या भागाच्या, वाटेला जाऊ नका, प्रत्येक लाटेला पंप दचकतो. पाइपचं तोंड आधी पाण्याखाली न्या.

पुढे भोसरीत मुलाखतीला गेलो, तर पीआयडीबद्दल अवाक्षर नाही. समोरच्यांनी लेव्हल ट्रान्समीटरबद्दल, म्हणजे पातळी मोजून ती विजेच्या करंटने कळवणाऱ्या उपकरणाबद्दल विचारलं, "लेव्हल ट्रान्समीटर ४ ते २० मिलीअँपिअरचा आहे. मीटरवर शून्य आलं, तर काय समजाल?"

"टाकी रिकामी."

"रिकामी टाकी ४ दाखवते. शून्य म्हणजे वायर तुटली. आणि तुम्ही पंप चालू कराल!"

मी नकळत बुटांकडे बघितलं.