जुन्या डेस्कटॉपमध्ये नवी ड्राइव्ह बसवताय? या चुका टाळा

दहा-बारा वर्षं जुना डेस्कटॉप भंगारात घालण्यापेक्षा त्यात एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी वेगवान ड्राइव्ह) टाकावी, या मताचा मी आहे. साटा-२ या जुन्या, कमी वेगाच्या पोर्टवरसुद्धा ती जुन्या हार्ड डिस्कला सहज मागे टाकते. पण लोक व्हिडिओ अर्धा बघतात, कॅबिनेट उघडतात आणि मग फोन करतात. फोनवर ऐकू येणाऱ्या चुका वर्षानुवर्षं त्याच.

जुनी डिस्क जोडलेली ठेवून नव्या एसएसडीवर विंडोज टाकणं

माझ्या डोक्यात जाणारी चूक हीच. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने वडिलांच्या पीसीत एसएसडी बसवली, विंडोज १० टाकलं. वडील विमा एजंट, सगळ्या ग्राहकांच्या एक्सेल फायली त्यात. कित्येक महिने मशीन झकास चाललं. मग जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली, म्हणून याने ती काढून टाकली. दुसऱ्या दिवशी काळ्या स्क्रीनवर ‘डिस्क बूट फेल्युअर’.

“काका, एसएसडी उडाली. मित्र म्हणतोय फॉरमॅट मारून परत विंडोज टाक.”

“जुनी डिस्क कुठेय?”

“भंगारवाल्याला दिली.”

एसएसडीला काहीच झालं नव्हतं. जुन्या बायोसच्या (मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) मशीनवर दुसऱ्या डिस्कवर आधीच अ‍ॅक्टिव्ह पार्टिशन (बूटसाठी खूण केलेला डिस्कचा भाग) असेल, तर विंडोजचा इन्स्टॉलर बूटच्या फायली तिथेच ठेवून मोकळा होतो. विंडोज एसएसडीवर आणि ते सुरू करणारा बूट मॅनेजर जुन्या डिस्कवर, अशी वाटणी होते. इथे तर तो बूट मॅनेजर भंगारवाल्याच्या हातगाडीवरून केव्हाच गेला होता. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळी खिडकी उघडली, डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये एसएसडीचं पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह केलं आणि बूटच्या फायली नव्याने बनवणारं बीसीडीबूट चालवलं. चहा यायच्या आत मशीन सुरू. मित्राचं ऐकून फॉरमॅट मारला असता तर वडिलांनी त्यालाच भंगारात दिलं असतं.

माझी सवय सरळ आहे. विंडोज टाकताना ज्या ड्राइव्हवर टाकायचं तेवढी एकच जोडायची, बाकी सगळ्यांच्या डेटा केबल काढून ठेवायच्या. “सेटअपमध्ये बरोबर ड्राइव्ह निवडली की झालं” म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ते पुढे फोन करतातच.

बायोसमध्ये उगाच एएचसीआय करणं

कुठेतरी वाचलेलं असतं की एसएसडीला एएचसीआय (साटा ड्राइव्हशी बोलण्याची नवी पद्धत; आयडीई ही जुनी) लागतं. म्हणून चालू विंडोज असताना बायोसमध्ये जाऊन आयडीईचं एएचसीआय करतात, आणि विंडोजचा लोगो दिसतो न दिसतो तोच निळी स्क्रीन, शेवटी ७बी असलेला कोड. कारण त्या विंडोजने सुरुवातीलाच लागणारा ड्रायव्हर चालूच केलेला नसतो. अशा वेळी घाबरून फॉरमॅट करू नका. सेटिंग पुन्हा आयडीई करा, मशीन सुरू होतं. मग बदल रीतसर करा: विंडोज १० मध्ये एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगच्या खिडकीतून सेफ बूट (मोजक्याच ड्रायव्हरांवर विंडोज सुरू करणं) लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये एएचसीआय करा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, मग सेफ बूट काढा. विंडोज एक्सपी असेल तर आयडीईवरच राहा. त्याच्याकडे एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नाही, आणि तो देण्यासाठी फ्लॉपी शोधत फिरायचं वय आता कोणाचंच नाही.

बायोसला हात लावण्याआधी मी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढतो. आणि एका वेळी एकच सेटिंग बदलतो. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. मग चार गोष्टी एकदम बदलतात आणि कशामुळे बिघडलं ते सांगता येत नाही.

आयडीईचे जम्पर

पट्टी केबलवाल्या, म्हणजे आयडीई जोडणीच्या डिस्का अजून लोकांकडे आहेत. एका केबलवर दोन डिस्का बसतात; पहिली (मास्टर) कोणती आणि दुसरी (स्लेव्ह) कोणती, हे डिस्कच्या पिनांवरची छोटी टोपी म्हणजे जम्पर ठरवतं. दोन्ही मास्टर ठेवल्या तर बऱ्याचदा एकही दिसत नाही. एक मास्टर, एक स्लेव्ह ठेवा, नाहीतर दोन्ही डिस्का ‘केबल सिलेक्ट’वर (केबलवरची जागाच क्रम ठरवते), खिचडी नको. ८० तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कांवर एकटीसाठीचं जम्पर वेगळं आणि जोडीतल्या मास्टरचं वेगळं असतं, म्हणून लेबलवरची आकृती बघा.

उरलेलं

जुनी, डेटा असलेली डिस्क जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का’ किंवा ‘इनिशियलाइझ करायचं का’ विचारलं, तर उत्तर ‘कॅन्सल’. आधी डेटा वाचवा.

मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या पॉवर प्लगवरून) साटा पॉवर देणारे स्वस्तातले, प्लास्टिकमध्ये ओतून बनवलेले अ‍ॅडॅप्टर घेऊ नका. आत तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत. पॉवर सप्लायमधून थेट येणारी साटाची वायर मिळाली तर उत्तम.

व्हीआयए कंपनीचा व्हीटी८२३७ चिप असलेल्या बोर्डाला नवी साटा डिस्क दिसत नसेल, तर डिस्कवर वेग १.५ जीबीपीएसवर आणणारं जम्पर आहे का बघा.

हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे, एसएसडीचे बारीक. बळजबरी केली की आटे गेले.

आणि बायोसवाल्या मशीनमध्ये ४ टीबीची डिस्क घ्यायची, तर ती फक्त डेटासाठी, जीपीटी (डिस्कच्या पार्टिशनांची नोंद ठेवण्याची नवी पद्धत) करून. एमबीआर या जुन्या पद्धतीला २ टीबीच्या पलीकडचं दिसत नाही, आणि ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही.