फौजी बॉर्डरवर अन् तारीख नागपूरच्या कोर्टात, तर घरच्यांनी काय करायचं

माझा मोठा भाऊ फौजेत हवालदार आहे. नागपूरच्या बेसाकडं एक प्लॉट घ्यायचा ठरला, इसारपत्र झालं, इसाराचे पैसे दिले, अन् दादा पोस्टिंगवर गेला तसे तिकडचे भाव वाढले आणि विकणारा फिरला, वरून त्यानंच दिवाणी कोर्टात केस टाकली की सौदा रद्द झाला म्हणून. पहिल्या दोन तारखांना आमच्याकडून कोणीच उभं नव्हतं, कारण आम्हाला वाटलं फौजी माणूस आहे, कोर्ट समजून घेईल. पण दादा कुठं आहे हे कोर्टाला कोण सांगणार? कायद्यात फौजीसाठी बरंच काही आहे, फक्त युनिटचा कागद कोर्टात लागला तरच ते कामाचं.

म्हणून समन्स आला की पहिला फोन युनिटला. खरं तर दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणं फौजीचा समन्स कोर्टानं त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडं पाठवायचा असतो, पण समोरच्यानं घरचा पत्ता दिला की तो घरी येतो, मग आई सही करते अन् कपाटात ठेवते. तसं होऊ देऊ नका, त्याचा फोटो काढून त्याच दिवशी दादाला पाठवा.

आता जवान फील्डमध्ये असेल तर १९२५ चा एक जुना कायदा आहे, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, बरेच वकीलही तो विसरून राहिलेत. जवान युद्धाच्या परिस्थितीत, देशाबाहेर किंवा सरकारनं नोटिफिकेशन काढून ठरवलेल्या ठिकाणी सेवेत असेल तर त्याला स्पेशल कंडिशन्स म्हणतात, आणि युनिटच्या अधिकाऱ्यानं तसं सर्टिफिकेट दिलं की केस पुढं ढकलता येते. आपलं ठिकाण त्यात बसतं का हे युनिटलाच विचारा, अंदाजावर राहू नका, कारण पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, समजा आपल्या कामठीतच पोस्टिंग असेल, तर फक्त फौजी आहे म्हणून हा कायदा लागत नाही. कोणी उभंच राहू शकत नसेल तर नागपूरचे कलेक्टरसुद्धा कोर्टाला तसं कळवू शकतात. अन् जवान नसताना त्याच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागला असेल तर तो रद्द करायचा अर्ज याच कायद्यात आहे, पण त्याला मुदत असते, म्हणून निकाल कळला त्याच आठवड्यात वकिलाकडं जा.

केस आपल्याला टाकायची असेल तरीही हा कायदा कामाचा आहे. सौदा पूर्ण करून घ्यायचा दावा ३ वर्षांच्या आत टाकावा लागतो, करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरचा नाही म्हणाला हे कळलं तेव्हापासून. स्पेशल कंडिशन्समधली सेवा या मुदतीत धरत नाहीत, पण त्या भरवशावर बसू नका, आणि उरलेले पैसे द्यायला आपण तयार होतो हे बँकेच्या स्टेटमेंटवरून दाखवता आलं पाहिजे.

आम्हाला सगळ्यात जास्त कामी आलं ते दिवाणी प्रक्रिया संहितेतलं ऑर्डर २८. सुट्टी मिळत नसेल तर फौजी घरच्या कोणालाही केस चालवायचा लेखी अधिकार देऊ शकतो. दादानं कमांडिंग ऑफिसरसमोर सही केली, साहेबांनी खाली काउंटरसाइन केलं, तो कागद मी सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात लावला, अन् तेव्हापासून त्याच्या जागी मी उभा राहतो, वकीलही मीच लावला. सुट्टी मिळत नव्हती याला ती काउंटरसाइनच पुरावा धरतात, नोटरी लागत नाही. आमची ही दोन महिन्यांची धावपळ पहिल्याच तारखेला वाचली असती, याचं मला अजून वाईट वाटतं.

पैशाची भीती घरच्यांना फार असते. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २८ प्रमाणं कोर्टाच्या हुकुमानं फौजीचा पगार-भत्ते जप्त होत नाहीत, आणि कलम २९ प्रमाणं कर्जासाठी दिवाणी कोर्ट त्याला अटक करू शकत नाही. पण घर, प्लॉट, गाडी यांवर जप्ती येऊ शकते, देणं माफ होत नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, २०२५ मध्ये नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, ती सैनिकांच्या घरच्यांना मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणूनच आहे. प्लॉटच्या ऐवजी बिल्डरचा फ्लॅट असेल तर महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, पाहा, तिथं करार रजिस्टर न करता १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, त्यामुळं पावत्या जपा.

आणि सुट्टी मिळणार असेल तर आर्मी ॲक्टचं कलम ३२ वापराच, ते पीस स्टेशनवाल्यांनाही लागतं. युनिटकडून सर्टिफिकेट घ्यायचं, त्यावर सुट्टीची पहिली अन् शेवटची तारीख आणि केसची माहिती पाहिजे, ते अर्जासोबत लावलं की कोर्टानं शक्य तेवढं त्या सुट्टीतच केस ऐकून संपवायची असते, त्याची फी नाही, आणि जमलं नाही तर कोर्ट कारण लिहून त्याची प्रत फुकट देतं. फक्त एक करा, मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते, म्हणून दादाला सांगा की रजा टाकायच्या आधी वकिलाला विचारून घे.