वास आहे, खाज नाही: योनीतल्या जंतूंचा तोल बिघडला तर

अंगावरून पांढरं जास्त जायला लागलं की पुष्कळ जणी मेडिकलमधून बुरशीची गोळी आणतात. त्रास जंतूंचा असेल तर तिचा काही उपयोग होत नाही. म्हणून आधी ओळख पटवा. बुरशीत खाज आणि आग फार, स्राव दह्याच्या चोथ्यासारखा घट्ट, वास जवळपास नाही. जंतू वाढले असतील तर स्राव पातळ आणि करडसर पांढरा, खाज कमी किंवा नाहीच. पण मासळीसारखा वास येतो आणि तो संबंधानंतर किंवा पाळीत जास्त जाणवतो. पिवळा-हिरवा, फेसाळ स्राव आणि जळजळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून पसरणारा परजीवी, असू शकतो. त्याचे उपचार जोडीदारानेही घ्यावे लागतात.

जंतू वाढून होणाऱ्या मासळीच्या वासाच्या त्रासाला डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, थोडक्यात बीव्ही म्हणतात. योनीतले लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक आम्ल तयार करून पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ ठेवतात. ते कमी झाले की एरवी थोडेच असलेले गार्डनेरेलासारखे जंतू बेसुमार वाढतात आणि वास मारणारी अमाइन्स नावाची रसायनं सोडतात. वीर्य आणि रक्त अल्कधर्मी असतं, त्यांच्या संपर्कात ही अमाइन्स मोकळी होतात. म्हणून वास तेव्हाच उसळतो.

वास घालवायला आतून धुणं हीच सगळ्यात घातक चूक. साबण, जंतुनाशक द्राव, तुरटीचं पाणी, सुगंधी वॉश यांनी उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. बाहेरून साधं पाणी पुरतं. दही खा, आत लावू नका. पावसात भिजून लोकलने ऑफिसला पोचल्यावर ओले आतले कपडे बदलायला हवेतच, पण ते खाज आणि बुरशी टाळायला; बीव्हीचं मूळ तिथे नसतं.

तपासणीसाठी मुंबईत केईएम, सायन, नायर किंवा कामा रुग्णालयातली स्त्रीरोग ओपीडी आहे. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तांगांच्या आजारांच्या दवाखान्यात, उपचार मोफत मिळतात. आदल्या रात्री योनीत क्रीम लावू नका, संबंध टाळा आणि शक्यतो पाळी संपल्यावर जा. नाहीतर पीएच चुकीचा दिसतो. डॉक्टर ४ खुणा पाहतात: स्रावाचं रूप, ४.५ च्या वरचा पीएच, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी झाकलेल्या पेशी. यांतल्या ३ जुळल्या की निदान पक्कं.

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या. नेहमीचा डोस म्हणजे मेट्रोनिडाझोल ४०० मिलिग्रॅम, दिवसातून २ वेळा, जेवणानंतर, ७ दिवस. तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं, लघवी गडद होऊ शकते, घाबरू नका. या काळात दारू टाळायला सांगतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आधी सांगा. गोळी झेपत नसेल तर २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम: अॅप्लिकेटर (क्रीम आत सोडायची नळी) ५ ग्रॅमपर्यंत भरा, पाठीवर झोपून गुडघे दुमडा, अलगद आत सरकवून दाबा. रात्री झोपताना लावा, ७ रात्री. उभ्याने लावलं तर बरंचसं बाहेर येतं. क्रीम तेलकट असल्याने वापरताना आणि नंतर ५ दिवस कंडोम फाटू शकतो.

वास बहुधा दोन-तीन दिवसांत जातो आणि तिथेच बऱ्याच जणी औषध सोडतात. सोडू नका. पूर्ण उपचारानंतरही बीव्ही परत येणं अगदी नेहमीचं आहे. त्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. परत परत होत असेल तर जोडीदाराबद्दल डॉक्टरांना विचारा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि क्रीम दिल्यावर १२ आठवड्यांत ३५ टक्के स्त्रियांना त्रास परतला. फक्त स्त्रीवर उपचार केले तेव्हा ६३ टक्के.

गरोदर असाल, ताप असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा पाळीशिवाय रक्त जात असेल तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.