लहान मुलांना वाद्याच्या प्रॅक्टिसला कसं बसवायचं

पाच-सहा वर्षांच्या मुलाला "जा, प्रॅक्टिस कर" म्हटलं की ते टाळाटाळ करतं आणि आपण लगेच ठरवून टाकतो की ह्याला आवडच नाही. पण बहुतेक वेळा प्रॅक्टिस म्हणजे नेमकं करायचं काय, हेच त्याला माहीत नसतं. क्लासमध्ये टीचर शेजारी बसून सांगतात आता हे वाजव, आता ते, आणि घरी एकटं बसवलं की ते पहिल्यापासून सुरू करतं, अडतं, परत पहिल्यापासून, परत तिथेच अडतं आणि वैतागून उठतं.

म्हणून या वयात कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसायलाच हवं, स्वतःला वाजवता येत नसलं तरी चालतं. जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनइची सुझुकी यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत तर आई किंवा बाबा क्लासला सोबत बसतात आणि घरी तेच करून घेतात, शिवाय जे शिकायचंय त्याचं रेकॉर्डिंग घरात रोज लावायचं. चाल कानात बसली की चुकलेला सूर मुलाला आपोआप खटकतो, आपल्याला सारखं "चुकलं चुकलं" म्हणावं लागत नाही.

आता ते अडण्याचं बघू. कीबोर्डवर उजव्या हाताने पांढऱ्या पट्ट्यांवर सा रे ग म वाजवताना ग मधल्या बोटावर येतो आणि म साठी अंगठा खालून सरकवायचा असतो, तिथे हमखास घोळ होतो. मग बाकी सगळं सोडा, फक्त ग-म, ग-म, अगदी सावकाश. तीन-चार वेळा नीट आलं की मागचा रे जोडा, मग पुढचा प, आणि मगच सुरुवातीपासून. पाचेक मिनिटांत मगाशी न जमलेलं जमतं, आणि ते मुलाला स्वतःला दिसतं ना, त्याच्यासारखी गोडी दुसरी कशानेच लागत नाही. तेव्हा नुसतं "छान" म्हणू नका, "या वेळी अंगठा बरोबर खालून गेला" असं म्हणा.

वेळ सुरुवातीला रोज ५ ते १० मिनिटंच, आणि शक्यतो ठरलेली. रविवारी तासभर बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. वाद्य कपाटात ठेवू नका, हाताशी असू द्या. शेवटची दोन मिनिटं त्याला हवं ते वाजवू दे, उगाच ठोकाठोकी केली तरी चालेल.

बक्षिसाचं आमिष मात्र मला पटत नाही. १९७३ साली अमेरिकेत चित्रं काढायची आवड असलेल्या छोट्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, ज्यांना आधीच बक्षीस कबूल केलं ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. आवडीच्या गोष्टीचं काम होऊन बसतं ते असं.

आणि तरीही मूल रोज रडत असेल तर आधी वाद्य तपासा. व्हायोलिन १/८, १/४ अशा छोट्या साइजमध्ये मिळतं, मोठं दिलं तर हात पुरत नाही. गिटारला स्टीलच्या तारा असतील तर कोवळी बोटं दुखतात, त्यापेक्षा नायलॉनच्या तारांची छोटी गिटार द्या. कीबोर्डला बसल्यावर कोपर साधारण पट्ट्यांच्या लेव्हलला यायला हवं आणि पाय लोंबकळत असतील तर खाली स्टूल ठेवा. हे सगळं ठीक असूनही तोच धडा आठवडेच्या आठवडे अडलेला असेल तर टीचरना सरळ सांगा, ते त्यातलाच सोपा तुकडा काढून देतील.